बत्तीस महिन्यांचा हिशोब

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, शेळ्यांमागं मोबाईल कानाला लावून बसलेल्या, गटाच्या बैठकीत एकत्र ऐकणाऱ्या सगळ्या बायांना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

आज आम्ही बोलणार आहोत फौजी घराबद्दल. आमच्या सातारा जिल्ह्यात हा विषय परका नाही. अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. आमच्या गावातही आळीला एक तरी काळी ट्रंक आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेला.

पोरगा भरती झाला की गाव गोळा होतं. पेन्शनवर आला की हलगी वाजते, हार पडतात. पण मधेच, बाराव्या-तेराव्या वर्षी, एखादा जवान रात्री फोन करून घरी म्हणतो, “आता बास. सोडून येतो.” त्या फोनबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही. तो ज्या बाईला येतो, तिच्याबद्दल तर नाहीच. म्हणून आज आम्ही बोलतोय. ज्यांची गोष्ट सांगतोय त्या दोघी आमच्या गटातल्याच आहेत. दोघींनी ‘सांगा’ म्हटलंय, फक्त नावं घ्यायची नाहीत असं ठरलंय. एकीला थोरली म्हणू, एकीला धाकटी.

मागच्या उन्हाळ्यातली मासिक बैठक. बचत जमा झाली, हप्ते जमा झाले आणि कर्जमागणीचा विषय आला. धाकटीनं अर्ज दिला. रक्कम दीड लाख. कारण: पिकअप गाडीचं डाऊन पेमेंट. सचिवानं विचारलं, “गाडी चालवणार कोण?” धाकटी म्हणाली, “हे येणार आहेत. नोकरी सोडतायत.”

“सर्व्हिस किती झाली?”

“बारा वर्षं चार महिने.”

सचिवाचा पेन तिथंच थांबला. सगळ्यांनी एकदम थोरलीकडं बघितलं. थोरली खाली मान घालून चटईची काडी मोडत बसली होती.

कारण असाच एक अर्ज आम्ही २०१९ साली मंजूर केला होता. थोरलीचे मालक तेरा वर्षं सात महिने नोकरी करून घरी आले होते. हायवेला ढाबा टाकायचा होता. आम्ही एका बैठकीत, एकही प्रश्न न विचारता कर्ज दिलं. वर पेढे खाल्ले. वर्ष झालं नाही तोवर लॉकडाऊन लागला. ढाबा बंद पडला तो पडलाच. कर्ज थोरलीनं शेळ्या विकून फेडलं, एक हप्ता चुकवला नाही. भावोजी आता एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला बारा-बारा तास उभे असतात. मध्यंतरी त्यांना मुतखड्याचा त्रास झाला, तेव्हा दवाखान्यात कुणीतरी विचारलं, “फौजी ना तुम्ही? कार्ड कुठाय?” कार्ड नव्हतं. मिळणारही नव्हतं.

त्या दिवशी बैठकीत थोरली पहिल्यांदा याबद्दल बोलली. म्हणाली, “सतरा महिने राहिले होते. सतरा महिने. पण एक सांगते, ते आले तेव्हा मामंजी शेवटच्या आजारात होते. ते आले म्हणून बापाच्या तोंडात पाणी घालता आलं. येण्याचं मला दुःख नाही. आम्ही काय सोडतोय तेच आम्हाला माहीत नव्हतं, याचं दुःख आहे.”

मैत्रिणींनो, आमची आजची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. नोकरी सोडा किंवा धरा, असं आम्ही कुणाला सांगणार नाही. तो आमचा अधिकार नाही. पण काय सोडतोय हे माहीत असावं, आणि ते दोघांनाही माहीत असावं.

धाकटीचा अर्ज आम्ही नामंजूर केला नाही. इतिवृत्तात लिहिलं, “माहिती घेऊन पुढच्या बैठकीत निर्णय.” मग माहिती घेतली. गावातल्या एका पेन्शनर सुभेदार आबांकडं गेलो. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात दोघीजणी जाऊन बसलो. तिथं कळलं ते साध्या शब्दांत सांगतो.

जवानाला पेन्शन बसायला निदान १५ वर्षांची सर्व्हिस लागते. अधिकाऱ्यांना २०. बारा वर्षं झाली म्हणून थोडी कमी पेन्शन, तेरा झाली म्हणून जरा जास्त, असं काही नसतं. पंधरा भरली तर पेन्शन, आपल्या मर्जीनं त्याआधी आला तर महिन्याची पेन्शन नाही. स्वतःचा साठलेला फंड मिळतो, पगारातून कापलेल्या ग्रुप विम्याचे पैसे मिळतात, ग्रॅच्युइटीचं काय ते रेकॉर्ड ऑफिस सांगतं. पण ते पैसे एकदाच हातात येतात आणि, थोरली म्हणते तसं, एकदाच जातात.

हा हिशोब जुन्या भरतीच्या जवानांचा आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेतून जी पोरं गेली, त्यांची मुदत चार वर्षांची असते, त्या चार वर्षांवर पेन्शन नाही आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना पुढं कायम करतात. त्यांच्या आयांनी हा आकडा आपल्या पोराला लावू नये. त्यावर आम्ही वेगळं बोलू.

आता पेन्शन म्हणजे किती? ढोबळ मानानं, पेन्शनसाठी जो शेवटचा पगार धरतात त्याच्या निम्मी, आणि त्यावर महागाई भत्ता. आम्ही फळ्यावर सोपा आकडा घेतला. समजा हिशोबाचा पगार चाळीस हजार धरला. निम्मे वीस हजार. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. जवान पेन्शनवर येतो तेव्हा साधारण पस्तिशीचा असतो. सत्तर वर्षं जगला तर पस्तीस वर्षं पेन्शन. गुणाकार केला. चौऱ्याऐंशी लाख. महागाई भत्ता न धरता. काही जण पेन्शनचा भाग आधी एकरकमी विकून घेतात, मग महिन्याची रक्कम बरीच वर्षं कमी येते, तेही फळ्याच्या कडेला लिहिलं. हा आकडा समजण्यापुरता आहे. तुमचा खरा आकडा तुमच्या घरच्या कागदावरच सापडेल.

दुसऱ्या बाजूला लिहिलं: राहिलेली सर्व्हिस, दोन वर्षं आठ महिने. म्हणजे बत्तीस महिने.

फळ्याकडं बघून आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्यातली एक म्हणाली, “बत्तीस महिने काय, डोळ्यांची उघडझाप!” तेव्हा धाकटी एकदम तडकली. “तुमची उघडझाप. माझ्या घरात सासूबाई वर्षभर अंथरुणावर आहेत. अंग फिरवायचं मीच, भरवायचं मीच. पोरगी बापाला मोबाईलमधला पप्पा म्हणते. मलाही ते घरी हवेत. हेही फळ्यावर लिहा.”

आम्ही लिहिलं. खरं तर शरमलो. गटात बसून बसून आपल्याला सगळं रुपयांत मोजायची सवय लागते. बत्तीस महिने कुणाच्या अंगावरून जाणार आहेत, ते आम्ही विचारलंच नव्हतं.

ती पुढं म्हणाली, “आणि पेन्शन त्यांची, नोकरी त्यांची, आई त्यांची. मला कुणी विचारलंय?”

इथं आम्हाला तिला एक गोष्ट सांगता आली, ती तुम्हालाही सांगतो. पेन्शन एकट्या त्याची नसते. पेन्शनर सैनिक गेला तर बायकोला कुटुंब पेन्शन मिळते. पेन्शनच बसली नाही, तर मागं राहणाऱ्या बाईला तीही नाही. ईसीएचएस म्हणून माजी सैनिकांची दवाखान्याची योजना आहे, ती पेन्शनर सैनिकाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना असते. त्यात बायको येते. म्हणजे सही तो करतो, पण त्या सहीनं तिचं म्हातारपणही ठरतं. मग त्या हिशोबाला ती नको का?

अजून एक गोष्ट थोरलीलाही नवी होती. आपल्याला वाटतं, पलटणीत बारा वर्षं राहिला म्हणजे तो माजी सैनिक झालाच. सरकारी नियमात तसं नाही. पेन्शन बसण्याआधी स्वतःच्या मागणीवरून जो सोडून येतो, तो सरकारी नोकरीच्या आरक्षणासाठी ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसत नाही. माजी सैनिकाच्या कोट्यातून बँकेत, तलाठ्यात, पोलिसात लागू, हा बेत असेल तर तो बेत तिथंच मोडतो. थोरलीचे मालक दोन वर्षं असे अर्ज भरत होते. दर अर्जाचं चलन भरत होते.

आता सोडण्याबद्दल. राजीनामा लिहिला आणि बॅग उचलली, असं पलटणीत होत नाही. मुदत संपायच्या आत घरी यायचं तर कारण देऊन अर्ज करावा लागतो आणि वरिष्ठांनी तो मंजूर करावा लागतो. ‘सुट्टी संपली तरी जात नाही, बघू काय करतात’ असं तर कधीच करू नका. बिनसुट्टीचं राहणं आणि पळून येणं हे दोन्ही आर्मी ॲक्टप्रमाणे गुन्हे आहेत. आयांनो, बायांनो, पोराला मायेनं आणखी चार दिवस थांबवून घेताना हे ध्यानात ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जवान शरीरानं किंवा मनानं आजारी असेल, झोप लागत नसेल, हात थरथरत असतील, जगणं नको वाटत असेल, तर स्वमर्जीच्या अर्जावर आधी सही करायची नाही. आधी युनिटच्या डॉक्टरला दाखवायचं. मेडिकल बोर्डानं आजारामुळं घरी पाठवलं तर त्याचे नियम वेगळे आहेत. त्यात अपंगत्वाची किंवा अशक्ततेची पेन्शन मिळू शकते. स्वतःच्या मागणीवरून आलेल्याचा कागद वेगळा बनतो आणि नंतर तो बदलून घेणं फार अवघड. सुभेदार आबा म्हणाले, “पोरं लाजतात. मनाचा आजार सांगितला तर भेकड म्हणतील, म्हणून घरच्या अडचणीचा अर्ज करतात.” मैत्रिणींनो, फोनवर त्याचा आवाज बदललेला आपल्याला आधी कळतो. तेव्हा ‘दाखवा डॉक्टरला’ हे आपणच म्हणायचं. जीव महत्त्वाचा, पेन्शन त्याच्या मागून.

पुढच्या महिन्यात धाकटीचे मालक सुट्टीवर आले. आम्ही तिघीजणी त्यांच्या घरी गेलो. आबांनाही बोलावलं होतं. आधी भावोजी अवघडले. बायकांसमोर असलं बोलायचं म्हणजे त्यांना नवीन. चहा झाला, मग सैल झाले. म्हणाले, “वहिनी, बर्फात ड्युटी केली, त्याचं काही वाटलं नाही. पण घरचा फोन वाजला की छातीत धस्स होतं. आई गेली असेल का, असंच वाटतं. शिवाय चुलतभाऊ बांध सरकवतोय. मी तिकडं आणि हिनं इथं एकटीनं भांडायचं. मला माझीच लाज वाटते.”

आबांनी त्यांना एकच विचारलं, “नोकरीचा कंटाळा आलाय, की घराची काळजी लागलीय?”

भावोजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नोकरीचा कंटाळा असता तर सातव्या वर्षीच आलो असतो.”

मग आम्ही अडचणी सुट्या केल्या, गाठोडं सोडून कपडे वेगळे करावेत तशा. आईचं आजारपण, बांधाचं भांडण, पोरीपासूनची ताटातूट. प्रत्येकीला विचारलं: ही नोकरी सोडल्यावरच सुटेल, की नोकरीत राहूनही सुटेल?

बांधाचं भांडण नोकरीत राहून सुटण्यासारखं होतं. नोकरीतल्या जवानाच्या घरची जमिनीची तक्रारही सैनिक कल्याण कार्यालयात देता येते, ते ती कलेक्टर कचेरीपर्यंत पोहोचवतात. शिवाय सीमेवर किंवा तशा कामगिरीवर असलेल्या जवानामागं कोर्टात एकतर्फी निकाल लागू नये म्हणून १९२५ सालचा एक जुना कायदा आहे, अजून लागू आहे. भावोजींनी सुट्टीतच तक्रार दिली आणि सरकारी मोजणीचे पैसे भरले. मोजणीची तारीख लागल्यापासून चुलतभावाचा आवाज निम्म्यावर आलाय.

पोरीच्या बाबतीत, पीस स्टेशनला बदली झाली की कुटुंब सोबत नेता येतं, क्वार्टर मिळायला थांबावं लागतं एवढंच. घरच्या खऱ्या अडचणीसाठी काही काळ जवळच्या ठिकाणी बदली मागायचीही सोय आहे. मिळेलच असं नाही, पण मागावी तर लागेल. बारा वर्षांत त्यांनी ती एकदाही मागितली नव्हती. मागायला संकोच वाटला म्हणे. नोकरी सोडायचा अर्ज लिहायला मात्र तयार झाले होते! आता आईच्या दवाखान्याचे सगळे कागद जोडून बदलीचा अर्ज केलाय.

राहिलं आईचं आजारपण. ते खरंच घरातच आहे आणि ते धाकटीच्या अंगावर आहे. इथं नियम नाही, माणसंच लागतात. गटातल्याच एका गरजू मैत्रिणीला सकाळचे तीन तास पगारावर ठेवलं. पगार भावोजींच्या पगारातून, धाकटीच्या खात्यावर वेगळा येतो. पंधरा हजारांचं कर्ज गटानं दिलं, त्यातून पाठ उचलणारी कॉट आणि कमोडची खुर्ची आणली. नणंदेला फोन करून ‘महिन्यातले चार दिवस तुमचे’ असं भावोजींनीच सांगितलं. बहिणीला भावानंच सांगायला हवं होतं, वहिनीनं सांगून ते झालं नसतं. धाकटी म्हणते, “काम अजून तेवढंच आहे. पण आता रात्रीची झोप लागते.”

पिकअपच्या कर्जाचं काय झालं? ते बंद केलं नाही. इतिवृत्तात लिहिलंय, “दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा विचार.” भावोजींनीही तेवढंच कबूल केलंय. दिवाळीपर्यंत कुठल्याच कागदावर सही नाही. तेव्हा दोघं पुन्हा बसतील. बदली झाली नाही, आई जास्त झाली आणि त्यांनी यायचंच ठरवलं, तर ते येतील. आम्ही नाक मुरडणार नाही. गाडीच्या कर्जाचा विचार त्या दिवशी नव्यानं करू. मात्र काय सोडतोय ते दोघांनाही पाठ असेल.

हा मजकूर लिहून काढताना आम्ही धाकटीला विचारलं, आता किती राहिले? ती हिशोब न करता म्हणाली, “अठ्ठावीस.” तिनं कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केलीय. पोरीला वाटतं, पप्पा यायचे दिवस मोजतोय. एका अर्थी खरंच आहे ते.

थोरली आता आमच्या शेजारच्या गटांत जाते. तिला आम्ही पाठवत नाही, ती आपणहून जाते. फौजी घरची बाई दिसली की पहिलं विचारते, “सर्व्हिस किती झाली गं?” तुमच्या गटातही असं विचारणारी कुणी एक असू द्या. मालकांची भरतीची तारीख, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि पेन्शनला नेमके किती महिने राहिलेत, एवढं तरी प्रत्येकीनं आपल्या वहीत लिहून ठेवा. आणि तो रात्रीचा फोन आलाच, तर ‘सोडू नका’ही म्हणू नका आणि ‘या लगेच’ही म्हणू नका. म्हणा, “सुट्टीवर या. बसू. मीही हिशोबाला बसणार आहे.”

तुमच्या गटात अशी कुणी असेल तर आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर लिहा. आम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं सांगू, बाकीसाठी तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा दरवाजा आहे. तिथं बाईनं एकटीनं गेलं तरी चालतं. आम्ही गेलो होतो, खुर्ची देतात.

येतो आता. गाईंच्या धारा काढायची वेळ झाली. नमस्कार.